चहा चालत नाही

तुम्ही दोघांनी पाठवलेला फोटो मी छापून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला आहे. तळ्याकाठी लावलेली मोटारसायकल, तिच्या अंगाला टेकलेला हिरवा तंबू, मुठीएवढा गॅसचा स्टोव्ह, त्यावर उकळणारी कॉफी आणि बाजूला पत्र्याचे दोन मग. खाली तुम्ही लिहिलं आहे की मोटारसायकलवरून भटकायची आणि उघड्यावर रांधायची ही आवड तुमच्यात आजी-आजोबांकडून आली. शेवटी एक मागणं आहे: शोकेसमधले ते दोन गुलाबाचे कप पाठव, पुढच्या खेपेला आम्ही त्यांतूनच कॉफी पिऊ.

कप पाठवायचे की नाही, हे ठरवायला मला तीन आठवडे लागले. उत्तराआधी हे लिहिते आहे. तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांनाही यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा त्यांनी सावकाश वाचावं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं. पण ज्या एका शब्दावर हे सगळं अडलं आहे त्याला इंग्रजीत जोड नाही. तो शब्द म्हणजे 'चालणं'. पायांनी चालणं नव्हे. 'त्यांच्या हातचं आम्हाला चालत नाही' असं म्हणतात, त्यातलं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही नांदेडला होतो. तुमचे आजोबा पाण्याच्या खात्यात होते. विहिरींतलं पाणी किती खोल गेलं ते मोजायचं आणि नोंदवायचं, हे त्यांचं काम. नव्या जिल्ह्यात त्यांची बदली झाली. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या खुर्च्या, कोऱ्या वह्या. सगळ्या विहिरी पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या होत्या. आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली.

लातूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत नळाला पाणी यायचं ते आलं तर यायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलांना नांदेडला माझ्या आईकडे ठेवलं. तिथे निदान गोदावरी होती. माझी शाळा बंद, खोली कोरडी आणि तुमचे आजोबा महिन्यातले वीस दिवस 'कॅम्पवर'. सरकारी भाषेत कॅम्प म्हणजे कामासाठी बाहेरगावी मुक्काम. त्यात तंबू नसतो, मौज तर नसतेच. खात्याची जीप मोठ्या साहेबांसाठी होती. आजोबांकडे स्वतःची जुनी फटफटी होती. ते म्हणाले, "एकटी इथं काय करतेस? चल माझ्यासंगं." मी गेले. असे दोन उन्हाळे गेले आणि तिसरा अर्धा.

सामानाची यादी मला अजून पाठ आहे. पंपाचा स्टोव्ह, तो फुटाण्याच्या डब्यात बसवलेला. स्टोव्हच्या तीन पिना, कारण एक हरवते आणि दुसरी वाकते. रॉकेलची बाटली, चिंधीचं बूच लावून. दोन पातेली एकात एक. तांदूळ, डाळ, तिखट-मीठ एकत्र कालवलेलं, शेंगदाण्याची चटणी. पहिल्या दोन दिवसांचे धपाटे घरून केलेले. हँडलला पाण्याची छागल. ती जाड कापडाची पिशवी. वारा लागला की आतलं पाणी गार होतं. आणि एका पत्र्याच्या डबीत कॉफीची पूड.

कॉफी ही माझी. मी हैदराबादला शिकत होते तेव्हा वसतिगृहात तेलुगू मुली होत्या. त्यांनी मला कॉफी शिकवली. पाणी उकळलं की खाली उतरवायचं, मग पूड घालायची, झाकायची, फडक्यातून गाळायची. पूड घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉफीचं नाव घेतलेलं नव्हतं. माझे वडील रेल्वेत होते, बौद्ध झालेली आमची पहिली पिढी. मुलगी शिकावी यापलीकडे त्यांना काही नको होतं. मी हैदराबादहून पदवी आणि ही डबी घेऊन आले. पदवीपेक्षा डबीचंच कौतुक जास्त झालं.

आता मुख्य गोष्ट. आम्ही उघड्यावर का रांधत होतो?

आजोबांचं आडनाव त्यांच्या आधी गावात पोचायचं. कचेरीचं पत्र यायचं, पत्रावर नाव असायचं आणि फटफटी वेशीत शिरेपर्यंत गावाला कळलेलं असायचं की येणारे साहेब कोण. वागायला सगळे नीट. "या सायब, बसा सायब." खुर्ची झटकून द्यायचे. मग चहा यायचा. बाकीच्यांचा ताटलीत मांडलेल्या कपबशांतून, आणि आमचा गोठ्याच्या खुंटीवर अडकवलेल्या दोन कपांतून. ते कप आमच्यासारख्यांसाठीच ठेवलेले असत. वरून पाणी ओतून ते विसळायचे, वरूनच चहा ओतायचे. पिऊन झालं की आपण धुऊन परत खुंटीला लावायचे.

पहिल्या उन्हाळ्यात कंधारकडच्या एका गावात आजोबांनी तो कप हातात घेतला, पिऊन टाकला आणि धुतलासुद्धा. मी घेतला नाही. माझं पोट दुखतंय, असं सांगितलं. गावाबाहेर आल्यावर मी फटफटी थांबवायला लावली आणि सांगितलं, "उद्यापासून तुम्ही म्हणायचं, मला चहा चालत नाही."

"आणि काय चालतं म्हणू?"

"कॉफी. ह्या पट्ट्यात कॉफी कुणाच्याच घरात नाही. त्यांनाही वाईट नको, आपल्यालाही नको."

ते खूप हसले. "आजवर त्यांनी म्हणायचं, आपलं चालत नाही. आता आपण म्हणायचं. वा, इंग्रजीबाई!"

युक्ती लागू पडली. मी बाजूला उभी राहून किती वेळा तो संवाद ऐकला असेल.

"सायब, च्या घ्या की."

"चहा चालत नाही मला."

"आँ? मग काय चालतंय?"

"कॉफी."

"आता ती कुठली आणावी! शिकलेल्या माणसाचं पोटबी इंग्रजीच हाय बघा."

सगळे हसायचे, आजोबाही हसायचे आणि खुंटीवरचे कप खुंटीवरच राहायचे. जेवणाचंही तसंच. पथ्य आहे म्हणायचं. म्हणून आम्ही गावाबाहेर, एखाद्या चिंचेखाली, दगडांचा आडोसा करून स्टोव्ह पेटवायचो. पाणी आमच्याच छागलीतलं पुरवून वापरायचो, कारण विहिरीवर मी बादली घेऊन गेले तर काय होईल याचा भरवसा नसायचा. गंमत अशी की त्याच विहिरीत आजोबा सकाळी टेप सोडून पाणी मोजायचे. टेप पाण्याला लागलेला चालायचा. फक्त एकदा एकानं विचारलं, "सायब, टेप धुऊन आणलाय नव्हं?" तेव्हाही सगळे हसले. आजोबा त्या दिवशी हसले नाहीत.

सगळंच दुःखाचं होतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. वाऱ्यात स्टोव्ह पेटवायचा म्हणून आम्ही दोघं गुडघ्यावर बसून पदर आणि टॉवेल धरायचो. खिचडी खाली लागली की आजोबा म्हणायचे, "करपलेलं वरचं तू घे, करपलेलं खालचं मी घेतो." कॉफी गाळून झाली की दोन स्टीलच्या पेल्यांत ओतायची आणि धुळीकडे बघत बसायचं. दूध नसे, दुधाची पूड असे. तुमच्या बाबांना आम्ही हेच सांगितलं: खिचडी, चिंच, कॉफी. चिंचेखालीच का, हे सांगितलं नाही. मुलांनी ती सहल समजली.

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही जळकोटच्या पुढे होतो. तिथे एका शेतात एकुलती एक विहीर होती जिला अजून पाणी होतं. आजोबांना ती मोजायची होती. गाव दूर राहिलं होतं. शेतातच आखाडा होता, म्हणजे रानातलं घर, दगडाचं, नीट सारवलेलं. तिथे एक म्हातारी बाई आणि एक गडी. गावात न शिरताच आम्ही थेट तिथे गेलो, त्यामुळे आडनाव तिथे पोचलेलं नव्हतं.

टेप गुंडाळून आजोबा वर आले आणि बाई म्हणाली, "दमलाव. च्या ठिवते."

"नको आजी. चहा चालत नाही मला."

"मग?"

"कॉफी लागते ह्यांना," मी नेहमीच्या सफाईनं म्हणाले.

बाईचं तोंड फुललं. "कापी? अगं माय, मग सांगायचं न्हाई का! माझं म्हायेर बिदराकडचं. आमच्यात कापीच पेतेत. इथं येऊन चाळीस वर्सं झाली, कुणी मागितली न्हाई."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या युक्तीला हे माहेर ठाऊक नव्हतं.

बाई आत गेली. गूळ फोडल्याचा आवाज आला. तिनं पूड, गूळ, दूध सगळं एकत्र घालून खळखळ उकळलं. मी दारातून बघत होते आणि मनात त्या तेलुगू मुलींची क्षमा मागत होते. मग तिनं फडताळातून दोन कप काढले, गुलाबाचं चित्र असलेले. पदरानं पुसले. खुंटीवरचे नव्हे, घरातले. ओसरीवर तिच्या शेजारी बसून आम्ही ती कॉफी प्यालो. माझ्या कपाच्या कानाजवळ टवका उडालेला होता, अंगठ्याला लागत होता. आजोबांनी कॉफी संपवली आणि म्हणाले, "आजी, अशी कॉफी ह्या बाईनं तीन वर्षांत नाही पाजली." बाई तोंडाला पदर लावून हसली. आजोबा कुणाच्या तरी घरी असे पाठ टेकून बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुक्काम चिंचेखाली करतो म्हटल्यावर ती म्हणाली, "ऱ्हावा आज. चिच्चंखाली कशाला, अंगणात ऱ्हावा. पाणी हिरीवरनं घ्या, लई हाय." मी स्वतः विहिरीवर गेले, पोहऱ्यानं पाणी काढलं, तोंड धुतलं, छागल भरली. दुष्काळात कुणी तुम्हाला स्वतःच्या विहिरीवर हात लावू देतं ही केवढी गोष्ट, ते तुम्हाला कळणार नाही.

तिन्हीसांजेला मी अंगणात खिचडी टाकली. बाई जवळ येऊन बसली. माझी पातेली, माझ्या डब्या, डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघून म्हणाली, "किती सुदीक बाई हाय! कुण्या गावची गं तू? कुणाच्यातली?"

आजोबा फटफटीची साखळी बघत होते. त्यांनी मान वर केली. अशा वेळी काय म्हणायचं हे आमचं ठरलेलं होतं. 'सरकारी माणसं आम्ही, आमची जात बदली,' असं म्हणून ते वेळ मारून न्यायचे. पण बाई माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, हिच्यापाशी कशाला लपवायचं. धीटपणा म्हणू नका याला. तिनं मला सुदीक, म्हणजे स्वच्छ, नीटनेटकी म्हटलं होतं. मी जशी आहे तशीच तिला आवडावी, एवढाच लोभ होता.

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले.

मग बाई म्हणाली, "असंल की. त्याला काय. चालतंय." थोडा वेळ ती बसली, पावसाचं बोलली, मग गुडघ्यावर हात टेकून उठली. मी आजोबांकडे बघितलं, 'पाहिलंत?' अशा नजरेनं. ते पुन्हा साखळीकडे वळले.

सकाळी उठलो तर फटफटीपाशी आमची छागल काठोकाठ भरलेली होती. गड्यानं भरली होती. मी भांडी घासायला विहिरीकडे निघाले तर बाई ओट्यावरूनच म्हणाली, "ठिव ठिव, पाणी भरून ठिवलंय. तुमाला कशाला तरास." आणि निघताना तिनं गड्याच्या हाती एक जुन्या धोतराच्या फडक्याचं बोचकं दिलं. त्यात कालचे दोन्ही कप.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. वाटंत कापीला हुतील. तुमाला चालतील."

मी तिच्या पाया पडायला वाकले. ती दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "आसू दे, आसू दे. सुकी ऱ्हावा."

तासाभरानं एका पुलाच्या सावलीत थांबलो. मी उत्साहात स्टोव्ह लावला. म्हटलं, "आज ह्याच कपांत. बघा, किती चांगली बाई. एवढे जपलेले कप देऊन टाकले."

आजोबा दगडावर बसले होते. म्हणाले, "देताना काय म्हणाली, परत सांग."

"वाटेत कॉफीला होतील म्हणाली."

"त्याच्यापुढं?"

"तुम्हाला चालतील."

"हं," ते म्हणाले. "आपल्याला चालतील. म्हणजे तिला आता चालत नाहीत."

माझ्या हातात तो टवका उडालेला कप होता. अंगठा तिथेच लागला.

"छागलही भरून ठेवली," ते म्हणाले. "तू विहिरीवर जाऊ नयेस म्हणून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंग्रजी शिकवतेस ना तू? थोडी मराठीही शिक."

इतक्या वर्षांत ते मला इतकं लागेल असं दुसरं काही बोलले नाहीत. मी बोलत बसले होते तोवर पातेल्यातल्या कॉफीला उकळी आली. ती स्टीलच्या पेल्यांत ओतली. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला मातीत उपडा केला. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कधी कॉफी मागितली नाही.

पुढच्या गावात चावडीवर कुणीतरी म्हणालं, "सायब, च्या?"

"घेतो," आजोबा म्हणाले.

खुंटीवरचा कप आला. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि खाली ठेवला. "घरातला आणा. तुम्ही ज्यात पिता तो."

कुणी हललं नाही.

"नसेल तर राहू द्या," म्हणाले. त्या गावात विहिरी दाखवायला कुणी बरोबर आलं नाही. त्याच्या पुढच्या गावातही तेच झालं, त्याच्याही पुढच्या. आम्ही विहिरी शोधत उन्हात फिरायचो. मी म्हणायचे, "अहो, पुन्हा कॉफीचं म्हणा ना." ते म्हणायचे, "कॉफी संपली." पावसाळ्याआधी कचेरीत तक्रार गेली की साहेब गावात भांडणं लावतात. चौकशी झाली नाही, नुसतं टेबल बदललं. त्यानंतर ते दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या विहिरींचे आकडे वहीत उतरवत राहिले, निवृत्त होईपर्यंत. कुठल्या विहिरीला किती पायऱ्या आहेत, कुठल्या विहिरीत कबुतरं आहेत, हे तोंडपाठ असलेला माणूस. फटफटी दोन वर्षं अंगणात उभी होती, मग विकली.

मला ते कप फेकायचे होते. त्यांनी ते शोकेसमध्ये ठेवले, समोरच्या फळीवर. मी 'का?' असं विचारलं तेव्हा म्हणाले, "दिसू दे." पुढे तुमचे बाबा आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांनी विचारलं, हे कप कुणाचे? आजोबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "कॅम्पवर एका आजीनं दिले, बाळा. तुझ्या आईवर खूश होऊन." मी पोळ्या लाटत होते. मी लाटत राहिले. त्यांनी पोराला ओझं नको म्हणून खोटं सांगितलं, की मला टोमणा मारला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. तो खोटेपणा मी इतकी वर्षं पुसत, चकचकीत ठेवत आले, दर दिवाळीला, साबणाच्या पाण्यानं. त्याचंच फळ म्हणून तुमचं हे मागणं आलं.

त्या बाईचा विचार मी पुष्कळ केला आहे. तिनं कप उकिरड्यावर टाकले नाहीत. आमच्यासमोर फोडले नाहीत. तिला आम्हाला दुखवायचं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. तिनं त्यातल्या त्यात मायेनं केलं. पण माझा राग त्याच मायेवर आहे. खुंटीवरच्या कपाशी भांडता येतं, तुमच्या आजोबांनी भांडून दाखवलं. हातात प्रेमानं ठेवलेल्या कपाशी कसं भांडायचं, ते मला आजपर्यंत सुचलं नाही.

काल दोन्ही कप खाली काढले, धुतले. एकात कॉफी ओतली. स्वयंपाकघरात उभी राहिले, कप तोंडापर्यंत नेला आणि मोरीत रिकामा केला. ते मला चालत नाहीत. म्हणून तुम्हाला पाठवत नाही. ते शोकेसमध्येच आहेत, समोरच्या फळीवर. इकडे याल तेव्हा हातात घेऊन बघा, एकाच्या कानाजवळ टवका आहे. त्यानंतरही हवे वाटले तर घेऊन जा. तुम्ही तेव्हा काय म्हणता ते मी ऐकेन, आणि मधे बोलणार नाही.

तोवर तुमचे पत्र्याचे मगच बरे. भटका, रांधा, हवा तिथे तंबू ठोका, कुणाच्याही नळाला तोंड लावा. फक्त ही आवड आमच्याकडून आली असं कुणाला सांगू नका. आमच्याकडून आवड आलेली नाही. आणि फोटोत दिसतंय, पूड घातल्यावर तुम्ही कॉफी उकळता. उकळू नका. पातेलं आधी खाली उतरवा, मग पूड घाला, झाका आणि थांबा.